रुद्रप्पाची हाक

रुद्रप्पा धनशेट्टी रागावला नाही असा दिवस सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाला आठवत नव्हता. सकाळी दुधात पाणी असायचं म्हणून, दुपारी वीज जायची म्हणून, आणि संध्याकाळी वीज यायची तेव्हा मागावरची माणसं घरी गेलेली असायची म्हणून. त्याचे चार माग होते, मागांच्या पुढं चादरींचं दुकान आणि दुकानाच्या डोक्यावर घर. खाली तो ओरडला की वर त्याची बायको गंगम्मा भाकरी थापायची थांबायची आणि कानोसा घ्यायची. मागवाल्यांना तो मराठीत झापायचा. कानडी ऐकू आली की गंगम्मा समजायची, हे आपल्यासाठी आहे.

पण त्या डिसेंबरात त्याच्या रागाला एक कायमचं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याची थोरली मुलगी महादेवी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, आणि ती पळत होती. कुणाबरोबर पळून गेली असती तर काय करायचं ते रुद्रप्पाला ठाऊक होतं. चार माणसं घेऊन जायचं आणि दंडाला धरून आणायचं. ही नुसतीच पळत होती. पहाटे पार्क मैदानावर जायची, घामाघूम होऊन यायची, अंघोळ करून लिंगपूजा करायची आणि कॉलेजला जायची. याला काय म्हणून बोलायचं तेच त्याला सापडत नव्हतं. मग ती जिल्ह्यात पहिली आली. पेपरात नाव छापून आलं, तेव्हा दुकानात आलेल्या लोकांनी "काय रुद्रप्पा, पोरगी लई पळती की!" असं हसत हसत म्हटलं, आणि ते कौतुक होतं की टोमणा हे न कळल्यामुळं रुद्रप्पा दोन दिवस गिऱ्हाइकांवर खेकसत राहिला.

त्यातच मैंदर्गीच्या चनमल्लप्पांचा मुलगा सांगून आला. बागायती शेती, अडतीचं दुकान, गोठ्यात दुभती जनावरं आणि मुलगा एकुलता एक. नाव ठेवायला जागा नव्हती. चनमल्लप्पा मुलगी बघून गेले, गंगम्माच्या हातची शेंगापोळी खाऊन गेले आणि जिना उतरताना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फकस्त ते पळनं-बिळनं तेवढं आता बंद करा की. आमच्यात बाई पळाली तर लोक इचारत्यात, घरात काय झालं म्हनून." रुद्रप्पा मोठ्यानं हसला. पुढच्या सोमवारी सुपारी फोडायचं तिथंच जिन्यात ठरलं.

महादेवीला हे त्यानं सांगितलं. सांगितलं म्हणजे तिच्या देखत गंगम्माला सांगितलं. महादेवी ताटावर बसली होती; तिनं हातातला घास खाली ठेवला.

"शनिवारी माझी शर्यत हाय, आप्पा. महाबळेश्वरला. सगळ्या राज्याची."

"मग पळ की. शनिवारी पळ, सोमवारी सुपारी."

"आन् मी पहिली आले तर?"

रुद्रप्पाला हसू आलं. "राज्यात पहिली? पुण्या-मुंबईच्या पोरी काय तितं शेंगा निवडायला येत्यात व्हय?"

"आले तर?"

पोरीच्या आवाजात काहीतरी होतं, आणि रुद्रप्पाला आवाज चढवल्याशिवाय उत्तर देता यायचं नाही. "आलीस तर चनमल्लप्पाला मी सोता न्हाई म्हनून सांगतो! आन् न्हाई आलीस तर मुकाट डोक्यावर पदर घ्यायचा. दिला शब्द. तूबी दे."

"दिला," महादेवी म्हणाली आणि घास उचलला.

तव्यावरची भाकरी करपली तरी गंगम्माला कळलं नाही. पेठेत रुद्रप्पाचा शब्द म्हणजे बँकेचा चेक होता. नुसत्या तोंडी बोलीवर त्याच्याकडून हैदराबादपर्यंत माल जायचा. आणि पोरगी त्याचीच होती.

शुक्रवारी निघायचं, तर मुलींबरोबर जाणाऱ्या कॉलेजच्या बाई गुरुवारी तापानं आडव्या झाल्या. कुणी तरी घरचं मोठं माणूस बरोबर आलं तरच मुलींना पाठवू, असा कॉलेजचा निरोप आला. बाकीच्या दोन मुलींच्या घरून कुणी तयार होईना. रुद्रप्पानं नाही म्हटलं असतं तर शर्यतही टळली असती आणि पैजही. पण मग पेठ म्हणाली असती, रुद्रप्पा भ्याला. त्यानं काळा कोट चढवला, पटका बांधला आणि आदळआपट करत एसटीत जाऊन बसला.

वाटेत नातेपुत्याला गाडी थांबली तेव्हा चहा पुचाट म्हणून तो हॉटेलवाल्याशी भांडला. वाईच्या पुढं घाट लागला तेव्हा ड्रायव्हर गाडी बेताल हाणतो म्हणून कंडक्टरशी भांडला. वर पोचल्यावर थंडी त्याच्या धोतरातून आत शिरली, आणि थंडीशी भांडता येत नव्हतं म्हणून तो आणखीच चिडला. मुलींना पळायला शिकवणारे विरुपाक्ष सर बरोबर होते; तरुण, गरीब स्वभावाचे. ते संध्याकाळी मुलींना घेऊन रानाच्या तोंडाशी उभे राहिले.

"आज पळायचं नाही," सर म्हणाले. "आज नुसतं जॉगिंग. उद्याची वाट पायांना ओळखीची करून घ्यायची. चढ तसा फार नाही, पण आपण उंचावर आहोत, हवा विरळ आहे. सोलापूरच्या सवयीनं पहिल्याच चढाला जोर लावलात, तर वर पोचल्यावर छातीत काही उरणार नाही."

"जॉगिंग म्हंजे?" रुद्रप्पानं विचारलं.

"हळू पळणं, काका."

"हळूच जायाचं तर चालावं की! आन् पळायचं तर पळावं. हे काय मधलंच?"

मुली तोंड फिरवून हसल्या. महादेवी हसली नाही. ती निघालीसुद्धा, आणि तिच्यामागून बाकीच्या दोघी आणि सर. समोर नुसतं रान. पोरगी झाडांत दिसेनाशी होणार हे पाहताच रुद्रप्पानं धोतराचा सोगा कमरेला खोचला, वहाणा हातात घेतल्या आणि तोही निघाला. बापानं मुलीला रानात नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

वाट तांबड्या मातीची होती, दोन माणसं जेमतेम जातील एवढी. दोन्ही बाजूंनी जांभळी आणि हिरडे, आणि त्यांच्या खोडांना ओलं शेवाळ. रुद्रप्पाला त्या झाडांचाही राग आला. सोलापुरात एक लिंबाचं झाड जगवायला माणूस बादल्या ओतून मरतो. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या दारातला लिंब वाळून गेला होता. आणि इथं ही एवढी झाडं, कुणी न लावता, कुणी पाणी न घालता, नुसती चैन करत उभी. तो धापा टाकत, शिव्या देत, मुळांना ठेचकाळत पळत होता. हवा तोंडात यायची पण पोटापर्यंत पोचायची नाही. मग सरांनी सांगितलं तसं त्यानं पाय आखडते घेतले, आणि नवल म्हणजे जमायला लागलं. पन्नाशीचा माणूस धोतर खोचून रानातून जॉगिंग करत होता, आणि बघायला भवानी पेठेतलं कुणी नव्हतं हे एक बरं होतं.

वरच्या सपाटीवर झाडं जरा विरळ झाली आणि पुढचा चढ त्याला एकदम अख्खा दिसला. मुली चढत होत्या. दोघींचे खांदे वरखाली होत होते, मान मागं पडत होती. महादेवीचं तसं काहीच होत नव्हतं. तिचे पाय चालले होते आणि वरचं अंग शांत होतं, डोक्यावर घागर असती तरी हिंदकळली नसती. रुद्रप्पा थांबला. चादरीच्या ढिगात एखादी अव्वल चादर हाताला लागली की त्याला बघायच्या आधी कळायचं. तसंच त्याला आत्ता कळलं. पोरगी अव्वल होती.

आणि मग त्याला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे मला कुणी सांगितलं का नाही? घरापासून मैदान ते केवढंसं लांब. इतकी वर्षं ही पळते, आणि मी एकदाही बघायला का गेलो नाही? याचं उत्तर त्याच्याकडं होतं, पण ते त्याला द्यायचं नव्हतं. तो खाली आला आणि महादेवीला म्हणाला, "थंडीत घाम घेऊन उभी राहू नगंस. शाल घे."

शनिवारी सकाळी धुकं होतं. मुली तयार होत होत्या, आणि तिथंच ते झालं.

लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. सुपारीएवढी चांदीची डबी, तीत लिंग, आणि डबी दोऱ्यानं छातीवर, बेंबीच्या खाली कधी नाही. ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. पडलं, हरवलं, तर ते परत अंगावर येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, अशी जुन्या माणसांची रीत. रुद्रप्पाच्या आज्याचं लिंग एकदा विहिरीत पडलं, तर विहीर उपसून ते निघेपर्यंत म्हातारा काठावर उपाशी बसून होता. घरात ही गोष्ट लहानपणापासून प्रत्येकानं ऐकलेली.

महादेवीनं ती डबी एका फडक्यात गुंडाळून कमरेला घट्ट बांधली होती. बांधताना रुद्रप्पानं पाहिलं.

"कमरंला? बेंबीच्या खाली लिंग?"

"गळ्यात ठेवलं की नाचतंय, आप्पा. पळताना छातीवर बडवतंय. मी रोज असंच बांधती."

"रोज?"

हे तिनं सांगायला नको होतं. रुद्रप्पानं मराठी सोडली आणि चारचौघांत, परगावच्या मुलींसमोर, तिला कानडीत फाडून काढलं. विरुपाक्ष सर मध्ये पडले. "काका, शर्यत होईपर्यंत डबी तुमच्याकडंच ठेवा ना." झालं! आगीत तेल. अंगावरून लिंग काढा म्हणून सांगणारा हा कोण? रुद्रप्पानं फडकं सोडवलं, पिशवीतून नवा पांढरा दोरा काढला, डबीला ओवला आणि स्वतःच्या हातानं पोरीच्या गळ्यात बांधला. बांधला कसा, तर त्याच्या बोटांना एकच गाठ यायची, ताण्यातला, मागावरच्या उभ्या धाग्यांतला, तुटलेला धागा सांधायची. चपटी, बारीक, मागात अडकणार नाही अशी. लहानपणापासून त्यानं अशा लाखभर गाठी मारल्या असतील. उरलेली टोकं त्यानं दातानं तोडून टाकली.

महादेवी मान खाली घालून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. गाठ झाल्यावर तिनं डबी बनियनच्या आत सोडली आणि बापाकडं न बघता निघून गेली.

शर्यत रानातून वर जायची आणि दुसऱ्या बाजूनं उतरत यायची. उताराला एक मोठा हिरडा होता, तिथं वाट वळायची आणि मग सरळ शेवटच्या दोरीपर्यंत जायची. रुद्रप्पा त्या वळणावर जाऊन उभा राहिला. आणखी पाचसहा माणसं होती. पुण्याचा कुणी थर्मासमधून चहा पीत होता, त्याचा रुद्रप्पाला राग आला. धुक्यातून काही दिसेना, त्याचा आला. शिट्टी वाजली ती ऐकू आली, आणि मग बराच वेळ काहीच नाही, त्याचाही आला.

मग पावलं ऐकू आली. धुकं हललं आणि वरून एक मुलगी उतरत आली. एकटीच. बनियन पिवळं होतं. सोलापूरचं पिवळं.

रुद्रप्पाला पहिल्यांदा काही उमगलंच नाही. तिच्या मागं बघितलं, कुणी नाही. बऱ्याच वर, झाडांत, दुसरी एक हिरव्या बनियनची दिसली. म्हणजे ही पहिली! त्याची महादेवी! राज्यात! त्याच्या मनात मैंदर्गी नव्हती, सुपारी नव्हती, पैज नव्हती. त्याच्या सगळ्या अंगात आनंद भरला होता आणि आनंदाचं काय करायचं हे त्याला माहीत नसल्यामुळं तो दोन्ही मुठी आवळून, "ये, ये, ये," असं पुटपुटत होता. ती जवळ आली. तोंड लाल, डोळे समोर. तिनं बापाला पाहिलंसुद्धा नाही. ती वळली, पुढं गेली, आणि तिच्या बनियनखालून काहीतरी पांढरं घसरलं आणि तांबड्या मातीत पडलं.

चांदीची डबी.

"महादेवी, निल्लु!" रुद्रप्पा ओरडला.

निल्लु म्हणजे थांब. रानभर ती हाक घुमली. थर्मासवाल्याच्या हातातला चहा सांडला. आणि मागून रुद्रप्पा म्हणाला, "लिंग पडलं! लिंग!"

महादेवी थांबली. उतारावर वेगात येणारं माणूस असं थांबत नाही. ती दोन पावलांत थांबली, पडता पडता सावरली आणि माघारी वळली. बाप गुडघ्यावर बसून डबी दोन्ही हातांत घेऊन होता. ती आली, वाकली, डबी कपाळाला लावली. तो दोरा परत तिच्या गळ्यात बांधायला लागला. टोकं आखूड होती, गाठ बसेना. हिरव्या बनियनची मुलगी त्यांच्या शेजारून गेली. "थांब, थांब, आलं," तो म्हणत होता. आणखी दोघी गेल्या, मग आणखी एक. "द्या इकडं!" महादेवी ओरडली. तिनं डबी त्याच्या हातातून ओढून मुठीत धरली आणि पळत सुटली.

तिनं एकीला गाठलं. बाकीच्यांना गाठायला वाट उरली नव्हती. ती चौथी आली. पदकं तिघींना होती.

रुद्रप्पा खाली पोचला तेव्हा ती गवतावर बसली होती. रडत नव्हती. विरुपाक्ष सर शाल घेऊन उभे होते आणि ती शाल घेत नव्हती. एखाद्या शहाण्या बापानं काय म्हटलं असतं कोण जाणे. रुद्रप्पा म्हणाला, "साधी डबी संभाळता येत न्हाई व्हय गं तुला?"

महादेवीनं मूठ उघडली. डबी होती आणि दोरा होता. दोऱ्याची दोन्ही टोकं साफ होती, त्याच्या दातांनी तोडली होती तशीच.

"तुटला न्हाई, आप्पा. सुटला."

रुद्रप्पानं टोकं पाहिली आणि त्याला सगळं कळलं. ती गाठ धागा ताणात असेपर्यंत धरते. मागावर ताण असतो, म्हणून ती सुटत नाही. सैल, हलत्या, नाचत्या दोऱ्यावर ती हळूहळू ढिली होते, हे पेठेतल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. त्यालाही ठाऊक होतं. पण सकाळी तो रागात होता, आणि हातांना विचार करायला त्यानं वेळच दिला नव्हता.

"तरीबी लिंग पडलं हुतं," तो म्हणाला. "लिंगासाठी थांबलीस, चांगलं केलंस. तुज्या पणजोबानं..."

"मी लिंगासाठी थांबले न्हाई." ती आता उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण रुद्रप्पा मागं सरला. "लिंग पडलं ते मला मागनं ऐकू आलं. त्याच्या आधीच माजे पाय थांबले हुते. तुमी निल्लु म्हनालात. जलमल्यापासनं तुमी निल्लु म्हनता आन् मी थांबती. गल्लीत खेळताना थांबती, जिन्यात थांबती, बोलताना थांबती. आज पाय मोकळे हुते तरी थांबले. मला लाज वाटती माज्या पायांची." तिनं डबी फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या समोर, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, कमरेला बांधली. "शब्द मीबी दिलाय. सोमवारी सुपारी फोडा."

परतीच्या वाटेवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. रुद्रप्पा कंडक्टरशी भांडला नाही. नातेपुत्याला चहा तसाच गार झाला. राग होता, नेहमीपेक्षा जास्तच होता, पण तो आता कुणावर टाकावा हे त्याला कळेना. त्यानं तो पोरीवर टाकून बघितला, टिकला नाही. सरांवर टाकला, तिथंही टिकला नाही. मग तो स्वतःशीच वाद घालत बसला. हाक मारली ते चुकलं का? आज्यानं मारली असती. बापानंही मारली असती. पण पोरगी रोज कमरेला बांधून पळत होती, तिचं काय वाईट झालं होतं? उलट गळ्यात बांधलं तेव्हाच ते मातीत पडलं. आणि पडलं तर पडलं, डबी उचलून आपणच तिच्यामागं पळत गेलो असतो तर? दोरीपाशी तिच्या हातात दिली असती. वाट पायाखालची होती. कालच तर त्यानं ती धोतर खोचून पळून पाहिली होती. एवढं साधं त्याला तेव्हा सुचलं नाही. त्याला ओरडायचं सुचलं. मोहोळच्या पुढं गाडी आली तेव्हा त्याला स्वतःचा इतका राग आला की त्यानं पुढच्या बाकाच्या दांडीवर मूठ आपटली आणि शेजारचा म्हातारा दचकून जागा झाला.

सोमवारी दुपारी चनमल्लप्पा दोन वडीलधारी माणसं घेऊन आले. सुपारी, नारळ, मुलीसाठी इरकली लुगडं. बैठकीत गाद्या घातल्या होत्या. सगळे बसले.

"मग, कितवी आली पोरगी?" चनमल्लप्पांनी हसत विचारलं.

"चौथी."

"बरं झालं की! हौसबी फिटली आन् नादबी सुटला." बरोबरची माणसं हसली.

रुद्रप्पानं सुपारीचं तबक उचललं आणि चनमल्लप्पांच्या पुढं सरकवून ठेवलं. "सुपारी फुटनार न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"पोरगी हरली न्हाई. मी हरवली तिला. ती पहिलीच हुती. लगीन हुनार न्हाई."

चनमल्लप्पांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचं तोंड काळंनिळं झालं. "ह्याच जिन्यात शब्द दिला हुता की तुमी. रुद्रप्पा धनशेट्टीचा शब्द!"

"व्हय. दिला हुता. फिरवतोय."

"गावात पत्रावळ्या सांगून आलोय आमी! आसं शब्द फिरवनाऱ्याचा माल उद्या कोन उचलंल? थू तुमच्या व्यापारावर!"

स्वयंपाकघराच्या दाराशी गंगम्मा डोळे मिटून उभी होती. आता हा उठणार, गचांडी धरणार, पाहुण्यांना जिन्यावरून ढकलणार. पण रुद्रप्पा खाली मान घालून बसून राहिला. थुंकी तोंडावर उडाल्यासारखा त्यानं गाल पुसला. असा अपमान त्यानं जन्मात ऐकून घेतला नव्हता. ऐकून घेताना त्याला वाटत होतं, ठीक आहे, देणं चुकतं झालं. पोरगी आत ऐकत असेल. तिला कळेल.

महादेवी बाहेर आली. पैजेप्रमाणं तिनं डोक्यावर पदर घेतला होता. ती चनमल्लप्पांकडं न बघता बापाकडं आली, आणि तिचा चेहरा महाबळेश्वरला होता त्याहून संतापलेला होता.

"मला इचारलं?"

रुद्रप्पानं वर पाहिलं. "अगं, तुज्यासाठीच..."

"ठरवलं तवा इचारलं न्हाई. आज मोडलंत, आजबी इचारलं न्हाई! मी आत बसले हुते, धा पावलांवर. लगीन लावायचं तुमी, मोडायचं तुमी, आन् मी आपली पदर घ्यायचा न्हाई तर काढायचा. तुमाला मोठं वाटत आसंल आप्पा, चारचौघांत अपमान गिळला म्हनून. माज्या वतीनं गिळला व्हय? मला इचारून?"

पाहुणे आपला राग विसरून या दोघांकडं बघत होते. रुद्रप्पाच्या मानेची शीर फुगली. सवयीनं ती कानडी घशाशी आली. आणि मग त्याला दिसलं की पोरगी तिची वाटच बघते आहे. ती निल्लु ऐकायला तयार उभी होती, पाय रोवून, आणि या वेळी ती थांबणार नव्हती.

"मग आता इचारतो," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "तुजं काय म्हननं हाय?"

जन्मात पहिल्यांदा विचारलं जात होतं, तिलाही सवय नव्हती. मग तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि चनमल्लप्पांकडं वळून हात जोडले.

"काका, मला हे लगीन करायचं न्हाई. तुमच्यात खोट न्हाई, तुमच्या मुलात न्हाई. मला पळायचंय. हरले तर लगीन करीन असा शब्द मी दिला हुता, तो मी मोडती. शिव्या द्यायच्या तर मला द्या. आप्पांच्या मालाला नगा देऊ."

चनमल्लप्पा उठले. एकोणीस वर्षांच्या पोरीला समोरासमोर शिव्या देणं त्यांना जमलं नाही. तबक घेऊन ती माणसं जिना उतरून गेली. खाली माग खडखडत होते.

रुद्रप्पाला हलकं वाटलं. आता पोरगी काहीतरी बोलेल, निदान बघेल, असं त्याला वाटलं. महादेवीनं लुगड्याची घडी उचलली. पाहुणे विसरून गेले होते, ती परत पोचवायला हवी होती. ती दाराशी थांबली.

"पुढल्या वर्षी शर्यत परत तितंच हाय," ती म्हणाली आणि तिनं आईकडं पाहिलं. "माज्याबरोबर अव्वा येईल. तुमी यायचं न्हाई."

रुद्रप्पाच्या तोंडात पुष्कळ काही आलं. मी त्या वळणावर उभा राहून तुला बघितलं, असं आलं. तू उतरत होतीस तेव्हा मला काय झालं ते तुला माहीत नाही, असं आलं. मला एकदा तुला दोरीपर्यंत पोचलेली बघू दे, असंही आलं. त्यातलं काही विचारायचा हक्क आपल्याला उरला आहे का, ते त्याला कळेना.

"बरं," तो म्हणाला.